चॅम्पियन वळूच्या लेकी

डिसेंबरात राजूरची सकाळ उशिरा तापते. अकोले तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. इथून पुढे रस्ता भंडारदऱ्याकडे चढत जातो आणि सह्याद्रीची रांग समोर येते. डांगी जनावरांच्या प्रदर्शनाला डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरून माणसं खाली उतरतात. कुणी टेंपोतून जनावर आणतं, कुणी कासरा हातात धरून चालत येतं. वळूच्या शिंगांना तेल चोपडलेलं असतं, गळ्यात घुंगुरमाळ, अंगावर झूल. परीक्षक समोर आले की झूल निघते आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं तुकतुकीत अंग उन्हात उघडं पडतं.

आधी तोंड उघडून दात बघतात. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, असे गट दातांवरच पडतात. मग छाती, पाठ, वशिंड, पोळी, पाय आणि सगळ्यांत शेवटी खूर. वळूला दहा-वीस पावलं चालवतात. तो मागचा पाय कुठे टाकतो, टाकताना लचकतो का, हे जाणती माणसं खाली बसून बघतात. निकाल लागला की हलगी कडाडते, गुलाल उडतो, मालकाच्या हातात ढाल येते. संध्याकाळपर्यंत त्या वळूचा फोटो तालुक्यातल्या प्रत्येक मोबाईलवर गेलेला असतो.

आणि मग माणसं विचारू लागतात, ‘आमची गाय माजावर आली की आणू का?’

ढाल मिळवणारा वळू गाय भरवायला चांगला असतो का, हाच या लेखाचा प्रश्न. ऐकायला सोपा वाटतो. पण याच्या उत्तरावर गोठ्यातली पुढची दहा वर्षं अवलंबून असतात, कारण आज भरलेल्या गाईची कालवड दूध द्यायला लागेपर्यंत तीन-चार वर्षं जातात आणि ती आपल्या दावणीला आणखी सहा-सात वर्षं राहते. बी चुकलं तर पीक एका हंगामात कळतं. वळू चुकला तर कळायलाच चार वर्षं लागतात, आणि तोवर त्याच वळूच्या आणखी तीन कालवडी दावणीला उभ्या असतात.

नगर जिल्ह्याइतकी, म्हणजे आताच्या अहिल्यानगरइतकी, या प्रश्नासाठी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी सापडणार नाही. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला घाटघर, रतनवाडीकडे पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. लोक त्या भागाला नगरची चेरापुंजी म्हणतात. तिथे डांगी. मधल्या पट्ट्यात संगमनेर, राहाता, राहुरी, नेवासे इथे संकरित गाईंचे गोठे आहेत, आणि दूधसंकलनात हा जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. दक्षिणेला पारनेर, श्रीगोंदे, कर्जतकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तिथे शर्यतीच्या खिल्लार खोंडाचं वेड. एकाच जिल्ह्यात तीन प्रकारची जनावरं, तीन प्रकारचे मालक. त्यामुळे ‘चांगला वळू’ या दोन शब्दांचे अर्थही तीन.

डांगीचं आधी सांगतो, कारण माझ्या मते प्रदर्शनाची बाजू सगळ्यांत भक्कम आहे ती इथे.

डांगी हे दुधाचं जनावर म्हणून कधी गाजलं नाही. वासराला पाजून घरापुरतं दूध निघालं तरी मालक समाधानी असतो. हे जनावर घडलं ते भाताच्या चिखलणीसाठी आणि मुसळधार पावसात उभं राहण्यासाठी. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे पावसाचं पाणी अंगावर ठरत नाही, निथळून जातं. खूर काळेभोर, गारगोटीसारखे टणक. चार महिने चिखलात आणि कातळावर चालायचं, तेव्हा पांढऱ्या मऊ खुराचं जनावर तिथे टिकतच नाही. मैदानातली भरघोस दुधाची गाय श्रावणात घाटघरला नेऊन बांधली तर महिन्याभरात तिचे खूर सडतील आणि मालकाला डॉक्टर शोधत खाली यावं लागेल. महादेव कोळी, ठाकर, कानडी या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या हे जनावर सांभाळलं. पारा, बाहळा, मणेरा अशी रंगांवरून नावं पाडली, आणि कुठल्या रंगाचा वळू कुठल्या वाडीत आहे हे तोंडपाठ ठेवलं.

म्हणजे राजूरच्या मैदानात परीक्षक ज्या गोष्टी बघतात, त्यातल्या बऱ्याचशा डांगीच्या बाबतीत खरोखर कामाच्या आहेत. खूर डोळ्यांना दिसतो. कातडीची चमक दिसते, हात फिरवला तर तेलही लागतं. पायाची ठेवण, छातीची रुंदी, चाल दिसते. शिवाय अंगाची ठेवण वळूकडून वासरात बऱ्यापैकी उतरते, दुधापेक्षा नक्कीच जास्त. डोंगरातल्या मालकाला हवं ते आणि प्रदर्शनात जोखलं जातं ते, यांत फार अंतर नाही. म्हणून राजूरचा चॅम्पियन वळू अकोल्याच्या डोंगरात गाई भरवायला उपयोगी आहे, असं मी न अडखळता म्हणेन.

आणखीही एक कारण आहे. डोंगरात कृत्रिम रेतन वेळेवर पोहोचत नाही. गाय रानात चरायला गेलेली असते, माज रात्री येतो, ओढ्याला पाणी असतं, आणि कांडी भरणारा माणूस दोन डोंगर पलीकडे. अशा ठिकाणी कळपात फिरणारा वळूच गाई भरवतो. तो वळू चांगला असावा, यासाठी वर्षातून एकदा सगळे वळू एका मैदानात शेजारी शेजारी उभे राहणं ही मोठी गोष्ट आहे. ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आल्यापासून बैलाची गरज आटली. बैल नको म्हणून गोऱ्हा नको, आणि गोऱ्हा नको म्हणून वळू सांभाळायचा कुणी, अशी ही साखळी आहे. त्यातच मार्च 2015 पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हा निकामी नराला बाजारात गिऱ्हाईकच उरलं नाही. अशा काळात ज्या घराने वळू दारात ठेवला, त्याला पेंड घातली, त्याला मिरवायला राजूरला आणलं, त्या घराचे उपकार आहेत. ढालीच्या ओढीने का होईना, जातीचे नर जिवंत राहिले. प्रदर्शनाचं हे काम मी दूधदुभत्याच्या हिशेबापेक्षाही मोठं मानतो.

आता डोंगर उतरून खाली येऊ.

माझ्या मामांचा गोठा राहुरी तालुक्यात. आठ-दहा संकरित गाई, ऊस, घास, मुरघास. काही वर्षांपूर्वी एका कृषी प्रदर्शनात त्यांना एक काळा-पांढरा वळू भावला. उंचीला माणसापेक्षा वर, पाठ फळीसारखी सरळ, गळ्यात बक्षिसांच्या माळा. त्याची आई दिवसाला अमुक इतकं दूध देते, असा फलक बाजूला लावलेला. मामांनी गोठ्यातली सगळ्यांत चांगली गाय माजावर आल्यावर टेंपोत घालून त्याच्याकडे नेली. कालवड झाली. दिसायला देखणी, उंच, वळूचाच ठसा. गाव बघायला यायचं. पण ती तीनदा उलटली, चौथ्यांदा गाभण राहिली, आणि पहिल्या वेतात आईच्या निम्म्याच्या जरा वर दूध दिलं. मामा आजही तिला नावं ठेवत नाहीत. ते म्हणतात, खाण तशी माती म्हणतात, मग माझी खाण कुठे चुकली?

त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी हा विषय धरून बसलो. आणि पहिली गोष्ट शिकलो ती ही, की एका कालवडीवरून वळूला दोष देणं हासुद्धा अन्यायच आहे. त्या कालवडीत निम्मं रक्त आईचं, आणि वळूच्या गुणांतले नेमके कोणते निम्मे तिच्या वाट्याला आले हा नशिबाचा भाग. पण फलकावर लिहिलेलं वळूच्या आईचं दूध बघून भुलणं हे त्याहून चुकीचं. ते का, याचा हिशेब अवघड नाही.

जनावरांच्या पैदाशीचं शास्त्र सांगतं की दुधाची आनुवंशिकता साधारण 25 टक्के धरावी. म्हणजे दोन गाईंच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला चौथा हिस्सा रक्तातून आलेला असतो. बाकीचा तीन चतुर्थांश चारा, पाणी, वेत, ऋतू, आजारपण आणि मालकाचा हात यांचा. आता समजा, त्या चॅम्पियन वळूची आई तिच्या गोठ्यातल्या इतर गाईंपेक्षा दिवसाला 8 लिटर दूध जास्त देते. 8 चा चौथा हिस्सा 2 लिटर. रक्ताची कमाई तेवढीच. तिचं निम्मं रक्त वळूत आलं, म्हणजे 1 लिटर. वळूचं निम्मं त्याच्या लेकीत जाणार, म्हणजे अर्धा लिटर. फलकावर 8 लिटरचं कौतुक, आणि मामांच्या गोठ्यात त्यातून अपेक्षा धरायची ती दिवसाला अर्ध्या लिटरची. तीही आईचं दूध मोजताना कुणी खास खुराक दिला नसेल, एकाच दिवसाचा आकडा वर्षभराचा म्हणून सांगितला नसेल, तर. दूध स्पर्धेच्या दिवसांत गाईला काय काय चारतात हे ज्याला माहीत आहे, तो अर्ध्या लिटरवरही पैज लावणार नाही.

वळू स्वतः दूध देत नाही. सगळी अडचण यातच आहे. त्याचा खूर दिसतो, छाती दिसते, वशिंड दिसतं. दूध त्याच्या लेकींच्या कासेत असतं. म्हणून लेकी मोजाव्या लागतात. त्याच 25 टक्क्यांच्या हिशेबाने बघितलं, तर आईच्या एका वेतावरून वळूच्या दुधाच्या गुणाचा अंदाज बांधला की त्याची विश्वासार्हता शंभरात सहाच्या आसपास येते. वेगवेगळ्या गोठ्यांतल्या 10 लेकींचं दूध मोजलं तर ती 40 वर जाते. 50 लेकी मोजल्या तर 77 वर, आणि 100 लेकी मोजल्या तर 87 वर. यालाच संतती चाचणी म्हणतात. तिला वेळ लागतो. वळू दीड-दोन वर्षांचा झाला की त्याचं रेत वाटायचं, नऊ महिन्यांनी कालवडी जन्मणार, त्या वाढून विणार, त्यांचं पूर्ण वेत मोजायचं. तोवर वळू सहा-सात वर्षांचा झालेला असतो. एकट्या शेतकऱ्याला हे जमणारं नाही. पण रेत उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून संस्थेला जमतं. पुणे जिल्ह्यातल्या उरुळी कांचनच्या ‘बायफ’ने, मणिभाई देसाईंनी 1967 साली उभ्या केलेल्या संस्थेने, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या प्रकल्पात शेतकऱ्यांच्या गोठ्यांतच लेकींचं दूध मोजून वळू पारखण्याचं हे काम केलं आहे.

आपल्याच जिल्ह्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय तयार झाली: निम्मं रक्त होल्स्टीन फ्रिजियनचं, चौथाई जर्सीचं, चौथाई गीरचं. या गाईमागे कुठल्या मैदानातली ढाल नाही. पिढ्यान्‌पिढ्या वेताच्या नोंदी ठेवून, कमी देणारी बाजूला काढून ती घडवली. मामांच्या घरापासून विद्यापीठ हाकेच्या अंतरावर, आणि मामा वळू शोधायला गेले प्रदर्शनात. दोष त्यांचा एकट्याचा नाही. प्रदर्शनातला वळू डोळ्यांना दिसतो, नोंदवही दिसत नाही.

दुधाबरोबर फॅटचंही बघायला हवं. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली गेलं की कापलं जातं. लिटर वाढले आणि फॅट घसरली तर डेअरीच्या पावतीवर वाढ दिसत नाही. फॅटचा गुण मात्र दुधाच्या लिटरपेक्षा कितीतरी जास्त रक्तातून उतरतो, म्हणजे वळू निवडताना त्याचा विचार केला तर हमखास फळ मिळतं. तरीही प्रदर्शनात वळूच्या लेकींची फॅट किती लागते, हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

तब्येतीचं तर काय सांगावं. प्रदर्शनाचा वळू सुटलेला असतो. तूप, अंडी, खारीक, उडदाचं पीठ, शेंगदाण्याची पेंड यावर पोसलेला. चरबी पाठीवर चढते तशी ती वृषणांच्या वरच्या भागातही साठते. वृषण शरीरापेक्षा दोन ते पाच अंशांनी थंड राहिले तरच बीज चांगलं तयार होतं. चरबीने ती थंडाई जाते, बीज निकृष्ट होतं, आणि गाय उलटली की दोष गाईवर येतो. जड अंगाने सांधे आणि मागचे पाय जातात, मग वळू गाईवर चढायला नाखूश होतो. वळूच्या अंगावरून हात फिरवणारे मैदानात शेकड्यांनी भेटतात. वृषणाचा घेर फितीने मोजणारे थोडे. खरं तर हा घेर चांगला असलेल्या वळूच्या लेकी लवकर माजावर येतात, हे जगभर तपासून सिद्ध झालेलं आहे. सगळ्या मैदानात मोजण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली, तर मी ही निवडेन.

मैदानाच्या डोळ्यावर विसंबलं की काय होतं, याचा सगळ्यांत मोठा धडा अमेरिकेतल्या गोपालकांनी घेतला आहे. 1940 च्या दशकात तिकडच्या मांसाच्या जातींमध्ये, विशेषतः हेरफर्डमध्ये, बुटक्या, रुंद, आखूड पायांच्या, गोळीबंद वळूंची फॅशन आली. परीक्षक अशांनाच पहिला नंबर देऊ लागले. त्यांचं रक्त भराभर पसरलं. आणि मग रानातल्या मोठ्या कळपांमध्ये खुजी वासरं जन्मू लागली. पोट फुगलेलं, डोकं मोठं, श्वास घेताना घुरघुर आवाज. बरीचशी लवकर मरत. त्यांना ‘स्नॉर्टर ड्वार्फ’ असं नावच पडलं. तो दोष लपून राहणारा होता. आई आणि बाप दोघांकडे असला तर चारातलं एक वासरू खुजं, आणि एकाकडेच असला तर बाहेरून दोष दिसत नाही, उलट जनावर थोडं अधिक आटोपशीर, अधिक गोळीबंद दिसतं. म्हणजे परीक्षक ज्याला गुण समजून बक्षीस देत होते, त्याच्या पोटात दोष होता. 1950 च्या दशकात नामांकित घराण्यांची वंशावळ बाजारात नाकारली गेली. काही दशकांनी तिकडच्याच मैदानांत उलटी लाट आली आणि प्रमाणाबाहेर उंच वळूंना ढाली मिळू लागल्या. गवतावर जगणाऱ्या कळपाला ना बुटकं हवं होतं ना ताडमाड.

नुसती आकडेवारी बघूनही भागत नाही, हेही तिथूनच कळलं. 1962 साली जन्मलेला होल्स्टीन वळू पॉनी फार्म अर्लिंडा चीफ हा दुधाच्या हिशेबात अव्वल ठरला. त्याच्या 16 हजार लेकी झाल्या आणि जगातल्या होल्स्टीनच्या रक्तात त्याचा वाटा चौदा टक्क्यांवर गेला. पुढे कळलं की त्याच्या रक्तात गर्भ मारणारा एक दोष होता. जगभरात त्यापायी सुमारे पाच लाख गर्भ गेले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. नुकसान 42 कोटी डॉलरचं. त्याने वाढवलेल्या दुधाची किंमत त्यापेक्षा किती तरी पटींनी जास्त, म्हणून कुणी त्याला वाईट वळू म्हणत नाही. पण एकाच वळूचं रक्त सगळीकडे पसरवायचं नाही, हा धडा त्यातून मिळाला. आपल्या जिल्ह्यातल्या गाजलेल्या वळूंच्या बाबतीतही तोच धडा लागू आहे.

हाच धडा मला दक्षिणेच्या खिल्लार मुलुखाबद्दल सांगायचा आहे.

खिल्लार मूळचं सोलापूर, सांगली, साताऱ्याच्या माणदेशातलं. आटपाडी, म्हसवड, खरसुंडी, पंढरपूरच्या यात्रांमध्ये त्याचा बाजार भरत आला. त्या यात्रा म्हणजेच जुनी प्रदर्शनं, फरक एवढाच की तिथे जनावर विकलं जायचं, आणि घेणारा ते औताला जुंपणार असायचा. खोट असली तर पुढच्या यात्रेत मालकाची अब्रू जायची. श्रीगोंद्यातल्या काष्टीचा, नेवाशातल्या घोडेगावचा बाजार अजूनही जनावर पारखणाऱ्यांची शाळा आहे. आता मात्र पारनेर-श्रीगोंदेकडे खिल्लारची किंमत ठरते ती घाटात, बैलगाड्याच्या शर्यतीत. 11 जुलै 2011 च्या केंद्राच्या अधिसूचनेने बैलाच्या खेळांवर गदा आली, 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, राज्याने 2017 मध्ये कायदा बदलला, 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. शर्यत सुरू झाली तशी खोंडांची किंमत लाखांत गेली. दारात नर ठेवायला कारण मिळालं, हे शर्यतीचं देणं मान्य करायलाच हवं.

पण आता होतं असं की घाट मारणाऱ्या एका वळूकडे चार तालुक्यांतल्या गाई येतात. तीन-चार वर्षांनी त्याच्याच लेकी माजावर येतात, आणि वळू अजून गाजतच असतो. बाप-लेकीचा संबंध आला की वासरात रक्ताची जवळीक 25 टक्के होते, आणि लपलेले दोष वर यायला तेवढं पुरे असतं. कमजोर वासरं, गाभण न राहणारी गाय, पहिल्या महिन्यातच दगावलेला गोऱ्हा, हे सगळं त्या वळूच्या खात्यावर मांडलं जात नाही. शिवाय वेग हा नराच्या अंगात मोजला गेला. त्याच्या लेकी किती वेळा वितात, वासराला पुरेल इतकं दूध देतात का, हे कुणी मोजलंच नाही. खिल्लारच्या गाईचं दूध आधीच बेताचं. वेगापायी तेही उतरलं, तर उद्या खिल्लार गाय सांभाळणार कोण? आणि गाय नाही तर खोंड कुठून येणार?

नैसर्गिक भरवणीत रोगाचाही धोका आहे. एका वळूकडे शंभर गावांच्या गाई येतात, तेव्हा त्यातली एखादी सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची, असते. हा रोग माणसालाही होतो. गाईची वार हाताने काढणाऱ्याला तर हमखास धोका. मान्यताप्राप्त रेत केंद्रात वळू आधी वेगळा ठेवतात, क्षय, ब्रुसेला, जोन्स, आयबीआर आणि लैंगिक रोगांसाठी ठरावीक काळाने तपासतात, विदेशी वळूंच्या रक्तातले लपलेले दोषही तपासतात. मग 0.25 मिलिलिटरची कांडी भरली जाते, तिच्यात साधारण दोन कोटी शुक्राणू. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ 2002 पासून हे काम करतं, त्याच्या प्रयोगशाळा पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथल्या वळूची झूल कुणी बघत नाही. दुधाच्या गोठ्यासाठी मी त्या कांडीकडेच बोट दाखवेन, आणि तिच्यावरचा वळूचा क्रमांक नोंदवून ठेवा असं सांगेन. क्रमांक लिहिला नाही तर चार वर्षांनी तो वळू चांगला होता की वाईट, हे कसं कळणार?

5 ऑक्टोबर 2024 ला वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते ‘गौ चिप’ आली. रक्ताच्या थेंबावरून लहान गोऱ्ह्याचाच अंदाज बांधण्याचं हे साधन. पण तेही शून्यातून बोलत नाही. आधी हजारो गाईंच्या दुधाच्या, वेतांच्या नोंदी हव्यात, मग त्या नोंदींशी रक्त ताडून बघता येतं. घाटघरच्या गाईचं दूध आजवर कुणी लिहून ठेवलं नसेल, तर चिप तिच्या गोऱ्ह्याबद्दल काय सांगणार?

याच अकोले तालुक्यात कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे आहेत. त्यांना 2020 ची पद्मश्री मिळाली ती देशी बियाणं जपल्याबद्दल. बी राखणारी बाई दाणा टपोरा आहे एवढ्यावर बी ठेवत नाही. वेल पावसात कसा टिकला, किती शेंगा धरल्या, हे बघून ठेवते. राजूरच्या मैदानापासून हे काम फार दूर नाही, आणि वळूची पारखही या तालुक्याला याच डोळ्यांनी जमायला हवी.

माझं म्हणणं इतकंच आहे. डोंगरातल्या डांगीसाठी चॅम्पियन वळू वापरा, पण दर तीन वर्षांनी तो दुसऱ्या गावच्या वळूशी बदला. शर्यतीच्या खिल्लारकडे गाय न्यायची असेल तर आधी त्याची आई बघा, तिची कास बघा, ती किती वेळा व्याली ते विचारा. संकरित दुधाच्या गाईला मात्र फलक बघून कुठल्याही प्रदर्शनातला वळू लावू नका, कितीही देखणा असला तरी.

आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांना एक विनंती. प्रत्येक प्रदर्शनात एक गट असा ठेवा, की ज्यात वळू एकटा येणार नाही. त्याच्यासोबत त्याच्या किमान चार लेकी हव्यात, वेगवेगळ्या चार मालकांच्या. त्यांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर 12 अंकी क्रमांक असतोच. तो वळूच्या क्रमांकासमोर लिहून घ्या. परीक्षकांनी आधी लेकींची कास, खूर आणि वेतं बघावीत, आणि वळूकडे शेवटी वळावं. सगळ्यांत मोठी ढाल या गटाला द्या.

चार-पाच वर्षांपूर्वी राजूरच्या चॅम्पियनकडे ज्यांनी गाय नेली होती, त्यांना एवढंच सांगणं: येत्या डिसेंबरात प्रदर्शनाला याल, तेव्हा त्याची लेक सोबत घेऊन या.